हजेरी आणि दिलचस्पी : हिवरे बाजारचा पस्तीस वर्षांचा हिशेब

बाजारात चार व्यापारी एकत्र बसले की भाव, उधारी आणि जीएसटी यांवर बोलून झाल्यावर विषय हटकून एकाच ठिकाणी येतो. माणसे मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत. टिकली तर त्यांचे मन कामात नसते. यंत्रमागवाले सांगतात की तार तुटली तरी कारागीर जागचा हलत नाही, कापडात दोष पडतो आणि माल सेकंडमध्ये काढावा लागतो. दुकानदार सांगतात की सेल्समन ठाण उलगडायचा कंटाळा करतो आणि "तसला माल नाही" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो. गंमत अशी की हीच माणसे पहिले सहा महिने धावत होती. मग मध्येच काय झाले?

मोठ्या कंपन्यांत या गोष्टीला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' असे भारदस्त नाव आहे. तिथे त्यासाठी वेगळे खाते असते, दरवर्षी प्रश्नावली भरून घेतात, तक्ते काढतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे या प्रकाराला साधे शब्द होते: एक हाजिरी आणि दुसरा दिलचस्पी. हजेरीपट पहिल्याची नोंद ठेवतो. दुसऱ्याची नोंद कोणत्याच वहीत नसते, आणि नफा-तोटा मात्र त्यावर ठरतो.

त्यात आपल्या पेढ्यांवरची माणसे एका मुशीतली नसतात. एखादे मध्यम कापड दुकान घ्या. काउंटरवर मराठा किंवा माळी समाजाचा सेल्समन, हिशेबाला मारवाडी मुनीम, शिलाईला पद्मशाली कारागीर, गाठी उचलायला बिहारचा हमाल, आणि गल्ल्याशेजारी मालकाचा भाचा. पाचही जण एकाच छताखाली, एकाच सेठकडे. पण सकाळी घरातून निघताना प्रत्येकाचे कारण वेगळे. दहा वर्षांनी ते कारण तेच राहील याचीही हमी नाही. आमच्या मते सगळा गुंता इथे आहे. आपण पाचांना एकच समजतो आणि पहिल्या वर्षीचा माणूस दहाव्या वर्षीही तोच असेल असे धरून चालतो.

याचे उदाहरण एखाद्या कारखान्यातून देता आले असते. पण कारखान्यात माणूस पगारासाठी येतो, त्यामुळे पगाराची ओढ किती आणि मनाची किती हे वेगळे काढता येत नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात लोक काही दिवस मजुरीवर राबले आणि काही दिवस बिनमजुरीने. काम एकच, माणसे नाना प्रकारची, आणि हिशेब पस्तीस वर्षांचा. नगरच्या कापड बाजारात माल देणाऱ्या-घेणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांना हे गाव नावाने माहीत आहे. पाहायला मात्र फार थोडे गेले असतील.

आधी गावाची हकीकत

हजार हेक्टरच्या आतले शिवार, भोवती उघडे डोंगर, आणि पाऊस वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडले ते सावरलेच नाही. विहिरी आटल्या, शेती पावसाच्या भरवशावर राहिली, हातभट्टीचे गुत्ते वाढले, भांडणे वाढली. धडधाकट माणसे मुंबई-पुण्याकडे निघून गेली. सरकारी नोकराची या गावी बदली झाली तर ती शिक्षा समजली जाई.

१९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच व्हायला लावले. ते एम. कॉम. झालेले, क्रिकेटचे वेड असलेले. गावाने आधी शाळा आणि पिण्याचे पाणी हातात घेतले, मग डोंगर. १९९३ मध्ये यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था निघाली आणि १९९४ मध्ये गावाची निवड राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत झाली. डोंगरउतारावर हजारो समतल चर खोदले गेले, मातीचे बांध पडले, दगडी बांध पडले, झाडे लावली गेली. गावाने काही नियमही करून घेतले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. यातला प्रत्येक नियम आपल्या प्रत्येक वाचकाला पटेल असे नाही, आणि आमचाही तसा आग्रह नाही. आम्हाला बघायचे आहे ते एवढेच की एवढी वेगवेगळी माणसे इतकी वर्षे एका कामाला कशी धरून राहिली.

पहिली वर्षे : मजुरीची ओढ

सुरुवातीची वर्षे कोणी तत्त्वासाठी चर खोदले असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू आहे. मागेल त्याला मातीकाम द्यायचे आणि मजुरी द्यायची. पाणलोटाची पुष्कळ कामे या योजनेच्या पैशातून झाली. म्हणजे रोजगार घरापासून हाकेच्या अंतरावर आला. पूर्वी याच कामासाठी माणूस पोटापाण्याला परगावी जात होता. श्रमदानाचे दिवस याच्या जोडीला होते. आज मजुरीवर खोदणारा माणूस उद्या त्याच डोंगरावर फुकट खोदत होता, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते, कारण चूल पेटत होती.

इथे एक गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावी. पोट भरल्याशिवाय दिलचस्पी येत नाही. पगार वेळेवर न देता कामगाराकडून जिव्हाळ्याची अपेक्षा करणारे सेठ आम्ही पाहिले आहेत. हिवरे बाजारात क्रम उलटा होता: आधी मजुरी, मग मन.

पण याच पहिल्या वर्षांत एक कठीण गाठ होती आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. चराईबंदी झाली म्हणजे डोंगरावर जनावरे सोडायची नाहीत. आता शेळ्या कोणाकडे असतात? ज्याला विहीर नाही, जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, त्याच्याकडे. म्हणजे नियमाचा पहिला मार गरिबावर. आणि डोंगरात मुरलेले पाणी वर येणार कुठे? ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्या विहिरीत. नुकसान आधी एकाचे, फायदा नंतर दुसऱ्याचा. श्रमदानाला मात्र दोघे एका रांगेत. अशी रांग किती दिवस टिकेल?

दारूचेही तेच. गुत्ता बंद करा असे सांगणे सोपे. पण भट्टी लावणाऱ्याच्या घरात चार तोंडे असतात. गावाने बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलून गरीब कुटुंबांना कर्जाची सोय करून दिली, आणि त्यात पूर्वी दारू गाळणारेही घेतले. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याचा धंदा बंद केला त्यालाच पहिल्यांदा दुसरा धंदा दाखवला. आपल्या पेढीवर आपण एखादी रीत बदलतो तेव्हा, समजा उचल देणे बंद केले किंवा हातमोजणी जाऊन संगणक आला, त्याचा पहिला फटका कोणाला बसणार हे कधी मोजून पाहतो का? बहुधा तो जुन्या, कमी शिकलेल्या माणसाला बसतो. त्याचे मन त्या दिवसापासून उठते, तो बोलत मात्र नाही. दोन वर्षांनी आपण म्हणतो, "म्हातारा आळशी झाला."

पाणी आल्यावर

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात विहिरींना पाणी दिसू लागले. आकडे बोलके आहेत. १९९५ मध्ये गावातली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली मोजली गेली होती. १९९८ च्या पाहणीत ती ५३ उरली आणि पुढे तीनवर आली. २००० मध्ये डोंगरावरून शंभर टन गवत निघत होते. २००४ मध्ये सहा हजार टन निघाले. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला गावातून रोज दीडशे लिटर दूध जात होते, ते पुढे चार हजार लिटरपर्यंत गेले.

यातला गवताचा आणि दुधाचा आकडा नीट पाहावा. विहिरीचे पाणी जमीनवाल्याचे, पण गवत कापून आणायला जमीन लागत नाही. विळा आणि दोन हात लागतात. डोंगरावर जनावर सोडायचे नाही, गवत मात्र कापून न्यायचे, हा नियम वरवर कडक दिसतो. पण त्यातूनच शेळ्या गेलेल्या माणसाला गाय-म्हैस बांधायची वाट निघते. म्हणजे दोघांचाही हिस्सा निघाला, फक्त वेगवेगळ्या दाराने. एकाच कामातून निरनिराळ्या माणसांना निरनिराळे फळ मिळावे लागते. सर्वांना सारखी मिठाई वाटली की सर्वांचे समाधान झाले, ही दुकानदारांची आवडती समजूत आहे. शिलाईच्या कारागिराला दिवाळीचा डबा नको असतो, त्याला सुगीत दोन दिवस आधी हिशेब हवा असतो. हमालाला गावी जायचे रिझर्व्हेशन हवे असते. मुनिमाला हवे असते की सेठने चार लोकांत त्याला नावाने हाक मारू नये, "मुनीमजी" म्हणावे.

आता दुसरी बाजू. दिलचस्पी ओसरते ती ज्याला काही मिळाले नाही त्याचीच, असे आपण समजतो. पाणी आलेल्या गावात धोका वेगळाच असतो: ज्याला सगळे मिळाले त्याचे मन उडते. विहीर भरली, कांदा निघाला, पक्के घर झाले. आता श्रमदानाला कशाला जायचे? त्याने बोअर मारली, ऊस लावला, तर शेजाऱ्याची विहीर दोन वर्षांत कोरडी. पाणी आणलेल्या कित्येक गावांची कहाणी अशीच संपली आहे. आपल्याकडेही तसेच. पंधरा वर्षांचा जुना सेल्समन, गिऱ्हाइके त्याच्या नावाने येतात, पगार सर्वांत जास्त. तोच नव्या पोराला माल दाखवू देत नाही, तोच दुपारी चहाला गेला की तासभर येत नाही. त्याला आणखी पगार वाढवून काही होत नाही, कारण पैशाची त्याची भूक भागलेली असते.

हिवरे बाजारने या टप्प्यावर जे केले ते व्यापाऱ्याला सहज कळेल, कारण ते आपल्याच वहीतले आहे. त्यांनी ताळेबंद मांडला. पाण्याचा. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असे ठरले. नव्या शतकाच्या सुरुवातीपासून गाव दरवर्षी पाऊस मोजते, विहिरींची पातळी पाहते, आणि ग्रामसभेत सर्वांसमोर हिशेब मांडते: एवढे पाणी जमा, माणसांना आणि जनावरांना प्यायला एवढे, उरलेल्यात कोणते पीक बसते आणि कोणते बसत नाही. पाऊस कमी झाला तर पिके बदलतात. यात विहीरवाल्याला कळते की त्याच्या विहिरीतले पाणी त्याच्या एकट्याचे जमाखाते नाही, आणि ज्याला विहीर नाही त्यालाही सभेत बसून तो हिशेब ऐकता येतो.

आमच्या मते या गावाची खरी करामत चर खोदण्यात नाही. चर पुष्कळ गावांनी खोदले. दरवर्षी हिशेब नव्याने आणि उघड्यावर मांडणे, हे फार थोड्यांनी केले. आपल्या पेढ्यांवर हिशेब लाल कापडात बांधलेला असतो. कामगाराला वाटते सेठ खोऱ्याने ओढतो. सेठला वाटते कामगाराला काय कळते. दोघांच्या मध्ये कापडाची गाठ. आम्ही असे म्हणत नाही की सगळी वही हमालापुढे उघडावी. पण या सीझनला किती ठाण गेले, किती परत आले, किती उधारी बुडाली, हे आपल्या माणसांना सांगितल्याने कोणाचा धंदा बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही. १९६५ चा बोनस कायदा आला आणि पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एक पगार, हा हिशेब रूढ झाला. झाले असे की बोनस हा पगाराचाच तेरावा हप्ता बनला. धंदा चांगला असो वा वाईट, रक्कम तीच, आणि कोणी कारण विचारत नाही. पैसे जातात, त्यातली दिलचस्पी निघून गेली. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने १९३४ मध्येच नफ्यात कामगाराचा हिस्सा ठेवला होता. नफ्याशी जोडलेला हिस्सा आणि नेमाने मिळणारा तेरावा पगार, दोन्हींत नोटा सारख्या असल्या तरी कामगाराच्या डोक्यात फरक पडतो.

परत आलेले

पाणी आले तसे गाव सोडून गेलेले परतू लागले. १९९२ ते २००२ या दहा वर्षांत चाळीसेक कुटुंबे परत आल्याची नोंद आहे. हा आनंदाचा भाग झाला. पण पेढी चालवणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो. ज्यांनी उन्हात चर खोदले ते एकीकडे, आणि पाणी आल्यावर ट्रंक घेऊन उतरलेले दुसरीकडे. जुन्याला वाटणार, आम्ही राबलो आणि हे आयते आले. नव्याला वाटणार, हे आम्हाला पाहुणे समजतात.

आपल्याकडे हा प्रसंग रोजचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे लूम बंद पडले आणि हजारो कारागीर पायी, ट्रकमधून, जमेल तसे गावी गेले. काही मागे राहिले, त्यांनी बंद शेडची राखण केली. काही महिन्यांनी धागा पुन्हा चढला तेव्हा परतलेले आणि राहिलेले यांच्यात कोणाला कोणते लूम द्यायचे यावरून कुरबुरी झाल्या. ज्या मालकांनी बंदीच्या काळात रेशन पोचवले आणि फोन उचलले, त्यांची माणसे आधी आली. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांनी फोन बंद ठेवले त्यांना नवे कारागीर शोधावे लागले, आणि उचलही जास्त मोजावी लागली.

हिवरे बाजारात परत आलेल्याला वेगळा नियम नव्हता. बोअरबंदी त्यालाही, चराईबंदी त्यालाही, ग्रामसभेत जागा त्यालाही. जुन्याला मान द्यावा, पण नियमात सूट देऊ नये, आणि नव्याला सूट दिली नाही तरी त्याची जागा पहिल्या दिवसापासून पक्की असावी. सांगायला दोन ओळी लागतात. करायला मालकाचा कान तापतो, कारण जुना माणूस रुसतो.

एका घराची मशीद

या गावात मुसलमानांचे घर एकच आहे, आणि त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधली. ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी काहींनी ऐकली असेल. साधारणपणे ती भाईचाऱ्याची कथा म्हणून सांगतात आणि टाळ्या घेतात. आम्हाला ती व्यापाराच्या पानावर सांगावीशी वाटते.

संख्येच्या हिशेबाने पाहिले तर एका घरासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. पण श्रमदानाच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस एकच गोष्ट पाहत असतो: इथे माझ्यासारख्याची गणना होते का? एका घराची गणना झाली हे पाहिल्यावर बाकीच्या लहान लहान समूहांना वेगळे सांगावे लागत नाही. खर्च एकावर, पत सगळ्यांत.

आता हीच गोष्ट उलटी धरून पाहू, कारण आपल्या पेढ्यांवर बहुधा आपलीच माणसे जास्त असतात. रमजानमध्ये आपण दुकान इफ्तारच्या आधी आवरते घेतो, रोजेदाराला दुपारी हलके काम देतो. चांगले करतो. त्याच दुकानात एक-दोन माणसे आषाढीला उपवास करणारी असतात, कोणाच्या गावची जत्रा असते, कोणाला चौदा एप्रिलला सुटी हवी असते. त्यांना ती मागावी लागते की आपण आधीच वहीत लिहून ठेवलेली असते? कित्येक व्यापारी दोघांना एकाच वेळी, ईदला, बोनस देतात. काहीजण दिवाळीवाल्याला दिवाळीला आणि ईदवाल्याला ईदला देतात. रक्कम बदलत नाही. पण ज्याच्या घरात सण आहे त्याच्या हातात पैसे त्या दिवशी पडतात. हा बदल करायला खर्च शून्य येतो आणि तरी फार थोडे करतात.

आपल्याच कापडाच्या धंद्याच्या इतिहासात याची एक कडू नोंद आहे. मुंबईच्या गिरण्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक एका भोंग्यावर कामाला येत. पण विणखात्यात, जिथे मजुरी चांगली, तिथे अस्पृश्य समाजाच्या कामगाराला घेत नसत. कारण असे दिले जाई की धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागतो आणि तो धोटा पुढे दुसऱ्याच्या हाती जातो. मराठा विणकर आणि आपले जुलाहे, दोघांनाही त्यात फारसे वावगे वाटले नाही. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्याला चांगल्या खात्याचे दारच बंद होते, त्याने संपात जीव तोडून उतरावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? भोंगा सगळ्यांचा एक होता, वाटा एक नव्हता.

नाव झाल्यावर

गावाचे नाव झाले. २००७ मध्ये पाणी राखण्याच्या कामासाठी केंद्र सरकारचा पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. देशोदेशीचे पाहुणे गाव पाहायला येऊ लागले. नावाची ओढ ही दिलचस्पीची तिसरी अवस्था. पेढीचे नाव मोठे झाले की त्या पेढीवर काम करतो हे सांगण्यात माणसाला अभिमान वाटतो; चांगल्या दुकानाचा सेल्समन लग्नातही टापटीप जातो. ही ओढ काही वर्षे पुरते. पण तिचा एक दोष असा की नाव बहुतेक वेळा एकाचे होते आणि राबणारे अनेक असतात.

आणि मग येते ती पिढी, जिने काहीच पाहिलेले नाही. आज हिवरे बाजारात तिशीच्या आत असलेल्या माणसाला उघडा डोंगर आठवत नाही. त्याने जन्मल्यापासून झाडे पाहिली, भरलेल्या विहिरी पाहिल्या. त्याला "आम्ही किती सोसले" हे सांगून श्रमदानाला उठवता येत नाही. आपल्या दुकानातही दुसऱ्या पिढीच्या मुलाला "आम्ही सायकलवर ठाण वाहिले" हे सांगून उठवता येत नाही. तो मोबाइलमध्ये बघत राहतो.

जानेवारी २०२१ मध्ये हिवरे बाजारात असे काही घडले की वर्तमानपत्रांनी त्याची ठळक बातमी केली. तीस वर्षांत पहिल्यांदा ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली नाही. समोर उमेदवार उभे राहिले, प्रचार झाला, मतदान झाले. निकाल लागला तेव्हा पोपटराव पवारांच्या पॅनलला सातपैकी सातही जागा मिळाल्या. पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली की आदर्श गावालाही दृष्ट लागली. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला गावाशी देणेघेणे नाही तो उमेदवारी अर्ज भरत नाही. तो नगरला खोली घेतो आणि मतदानाच्या दिवशी फिरकतही नाही. तीस वर्षे बिनविरोध म्हणजे तीस वर्षे सगळ्यांचे मन कामात, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. काहींचे मन असेल, काहींची फक्त हजेरी असेल. मतपेटीने एकदा मोजून दाखवले, हे चालवणाऱ्यांच्याही फायद्याचेच झाले. मोजल्यावर कळले की विश्वास शिल्लक आहे.

त्याच वर्षी कोरोनाची दुसरी लाट आली. निवडणूक लढवून गाव फुटले असते तर ते तेव्हा दिसले असते. घरोघर तपासणी, आजाऱ्याला वेळेत वेगळे करणे, शेतातली कामे एकमेकांनी उचलणे, यासाठी गावात पथके फिरली आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत गाव कोरोनामुक्त झाले. मातीकामाच्या रांगेत लागलेली सवय तीस वर्षांनी अशा कामाला आली, ज्याची कल्पना चर खोदताना कोणीच केली नव्हती.

आपल्याकडे एखादा पोरगा तोंड वर करून म्हणतो, "सेठ, हा माल इथे लावलेला चुकीचा आहे, बाहेरच्या बाजूला लावा." बहुतेक सेठ त्याला गप्प करतात, आणि दोन सीझननंतर तो समोरच्या गाळ्यात स्वतःचे दुकान टाकतो किंवा मॉलमध्ये नोकरी धरतो. गप्प राहणारा दहा वर्षे राहतो, आणि आपण त्याला इमानदार म्हणतो. यातला खरा कामातला माणूस कोणता हे हजेरीपटावरून ओळखता येत नाही.

आमच्या पेढीवर गेल्या काही वर्षांपासून शाबानच्या महिन्यात, रमजान सीझनची खरेदी ठरायच्या आधी, सगळी माणसे दुकान बंद झाल्यावर तासभर बसतात. गेल्या सीझनला काय विकले, काय पडून राहिले, हे मुनीम वाचून दाखवतात. पहिल्या वर्षी कोणी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी हमालाने सांगितले की गोदामातल्या खालच्या गाठींना ओल लागते आणि ती माहिती त्याच्याकडे चार वर्षांपासून होती. त्याला आधी कोणी विचारले नव्हते. यंदा नवा मुलगा म्हणाला की दुपट्ट्याचे रंग निवडायला आम्हा म्हाताऱ्यांऐवजी एखाद्या कारागिराच्या मुलीला सुरतेला न्या. मुनीमजींना ते आवडले नाही. त्यावर अजून वाद चालू आहे.